स्वतःचं काहीतरी सांगा

डिचोलीच्या बाजारात एका बेकरीच्या माडीवर अच्युत कारापूरकरचा वर्ग भरायचा. खाली भट्टी, वर टाय. ऐन एप्रिलातही तो गळ्यापर्यंत टाय आवळून बसे आणि पाव भाजल्याचा वास जिन्यावरून वर येई. एमबीएच्या इंटरव्ह्यूला निघालेल्या आमच्याकडच्या पुष्कळ पोरांच्या पोटात अजूनही ताज्या उंडे-पावांच्या वासानं गोळा येत असेल, अशी माझी समजूत आहे.

कारापूरकर आणि मी शाळेत एका बाकावर. पुढं मी पेडण्याच्या हायस्कुलात मास्तर झालो, तो खाण कंपनीत माणसं नेमणारा साहेब झाला. खाणी बंद पडल्या तेव्हा नेमायला माणसं उरली नाहीत, पण नेमण्याची सवय उरली. मग त्यानं हा वर्ग काढला. व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा देऊन आलेली मुलं त्याच्याकडे येत आणि तो त्यांची मुलाखतीची तयारी करून घेई. गणित, इंग्रजी असलं काही तो शिकवत नसे.

"ते कुणीही शिकवील," तो म्हणायचा. "मार्क माणसाला दारापर्यंत नेतात, मास्तर. दार उघडतं ते इंटरव्ह्यूनं."

"त्यांच्या माहितीपत्रकात तर मुलाखतीला थोडेच गुण ठेवलेत."

"पत्रिका जुळली म्हणून मुलगी न बघता लग्न केलंस काय तू?"

"हो."

"म्हणूनच मास्तर राहिलास."

हा आमचा जुना वाद. माझं मत असं की तीन अनोळखी माणसांनी चौथ्याला पाव तास न्याहाळायचं, त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याबद्दल मत बनवायचं आणि त्या मताला अनुभव म्हणायचं, या प्रकाराला आमच्या आज्या मुलगी बघायला जाणं म्हणत. त्यासाठी काचेची इमारत बांधावी लागत नसे. कारापूरकरला हे पटत नसे. मुलाखत ही त्याची श्रद्धा होती, आणि श्रद्धावान माणसाला चिडवण्यात एक स्वस्त मजा असते.

तरी रविवारी सकाळी मी त्याच्या माडीवर हजर असे. तालमीच्या मंडळात तीन खुर्च्या. एकीवर तो, एकीवर मी. माझं काम कंटाळलेलं दिसणं. त्यासाठी मला तालीम लागली नाही. तिसऱ्या खुर्चीच्या पाठीवर तो आपला कोट अडकवायचा आणि मुलांना बजावायचा, "हा सगळ्यात धोक्याचा. हा विचारत काही नाही, नुसता शेरा लिहितो. बोलताना ह्याच्याकडेही बघायचं." आणि मुलं बिचारी कोटाकडे बघून आपल्या महत्त्वाकांक्षा सांगत.

बेकरीतली बिस्किटं बशीत घालून तो उमेदवारापुढं सरकवायचा. मुलगा बिस्किट उचलायचा. "गेलास," कारापूरकर म्हणायचा. "तोंडात बिस्किट आणि वरून प्रश्न आला तर?" पुढचा मुलगा शहाणा होऊन नको म्हणायचा. "तूही गेलास. चार तास बाहेर बसलेल्या माणसाला भूक नाही? मग तू खोटं बोलतोस." शेवटी कुणीतरी रडकुंडीला येऊन विचारी, "मग करायचं काय, सर?" तर म्हणे, "भूक असेल तर खा. नसेल तर खाऊ नको. पण मला काय आवडेल ते बघत बसू नको."

खरं बोलण्याचं त्याला असं वेड होतं. खाणीवर असताना ट्रकवाले नेमताना तो प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: वळणावर अचानक समोर म्हैस आली तर काय करशील? सगळे म्हणत, ब्रेक मारीन. एकानं मात्र डोकं खाजवून उत्तर दिलं, "म्हशीर आसा, सायबा, ती कोणाची ताचेर. आमच्या वाड्यावरची आसली तर ब्रेक." कारापूरकरनं त्यालाच घेतलं. वरच्या साहेबांनी कारण विचारलं तेव्हा हा म्हणाला, "बाकीचे पाठ करून आलेत."

पेडण्याकडचा एक मुलगा बोलताना फार अडखळायचा. घरच्यांनी त्याला कुठले कुठले उपचार केले, जिभेखाली गोट्या ठेवायला लावल्या. कारापूरकरनं त्याला सांगितलं, "आत जाऊन बसलास की पहिलं वाक्य हेच: मी अडखळतो, मला थोडा वेळ द्या. लपवलंस तर ते तुझी जीभच बघत बसतील. सांगितलंस तर तू काय बोलतोस ते ऐकतील." मुलाला प्रवेश मिळाला. तो पेढे घेऊन आला तेव्हा कारापूरकर पाठमोरा होऊन खिडकीची कडी घट्ट करत बसला. कडी मुळात घट्टच होती.

पणजीकडच्या एका व्यवस्थापन संस्थेच्या मुलाखत मंडळावर त्याला 'उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ' म्हणून बोलावत. उद्योग बंद पडून जमाना झाला होता, पण क्षेत्र शिल्लक होतं. तिथं त्याचा एक नियम होता. आपल्या वर्गातलं पोर आत आलं की हा उठायचा, "हा माझा विद्यार्थी," असं सगळ्यांदेखत सांगायचा आणि मुलाखत संपेपर्यंत बाहेर चहा पीत उभा राहायचा. त्या एका नियमासाठी मी त्याचा टाय माफ केला होता.

दीक्षा गावस त्याच्याकडे आली ती परीक्षेत झकास गुण घेऊन. तिचे वडील बाबल गावस दोडामार्गाकडून इकडे आले, खनिज वाहून वाहून स्वतःचा ट्रक केला, आणि मग खाणी थांबल्या. लेकीला बाहेरगावी ठेवून शिकवणं त्यांना शक्य नव्हतं. पणजीची ती एकच संस्था अशी होती की सकाळच्या बसनं जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल. तिथं नाही तर कुठंच नाही, असा तिचा सरळ हिशेब होता.

पहिल्या रविवारी कारापूरकरनं तिला विचारलं, "स्वतःबद्दल सांग."

ती इंग्रजीत सुरू झाली. ती मेहनती होती, तिच्यात नेतृत्वगुण होते, तिला आव्हानं आवडत होती.

"थांब गो बाय. हे कुठल्या व्हिडिओतलं?"

"दोन व्हिडिओंतलं, सर. जोडलंय."

मला कंटाळलेलं दिसणं जमेना.

"बरं. तुझ्या घराकडे अंगणात काय आहे?"

"ट्रक."

"चालतो?"

"नाही. पण बाबा रोज सकाळी स्टार्ट करतात. बॅटरी जाऊ नये म्हणून."

"आणि मग?"

"मग बंद करतात. आणि हौद्यात भाजी आहे."

"ट्रकच्या हौद्यात?"

"तांबडी भाजी, सर. मी बारावीत असताना माती भरली त्याच्यात. जागा नुसती पडून होती. बाबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. म्हणाले, ट्रकाचा मसणवटा केलास. मग पावसात हौद्यात पाणी साचलं, मुळं कुजायला लागली. एक दिवस पहाटे घरघर ऐकून मी बाहेर आले, तर बाबांनी इंजिन चालू करून हौदा थोडासा उचलला होता. पाणी मागच्या बाजूनं वाहून जात होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, तुझी भाजी बुडत होती." मग तिनं घाईघाईनं पुरवणी जोडली, "आता शुक्रवारी आई म्हापशाच्या बाजारात नेते."

कारापूरकरनं पेन खाली ठेवलं. कोटसुद्धा ऐकत असल्यासारखा वाटला.

"हे सांग," तो म्हणाला. "एवढंच सांग. ह्याच्यावर एक शब्द चढवू नको."

जिना उतरताना मला म्हणाला, "सोनं आहे, मास्तर. ह्या गोष्टीपुढं कुठलंही मंडळ पाघळेल."

त्याच मोसमात नील नावाचा मुलगा वर्गात होता. त्याचे वडील पेडण्याच्या किनाऱ्यावर सुट्टीतल्या लोकांसाठी बंगले बांधत. मुलगा सभ्य, हसरा, इंग्रजी लोण्यासारखं. परीक्षेतले गुण मात्र जेमतेम. त्याची तालीम घेताना कारापूरकर हैराण व्हायचा. "ह्याच्या आयुष्यात एक खड्डा नाही, मास्तर. प्रश्न अडकवायचा कुठं?"

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी दीक्षा आमच्या सोप्यावर येऊन बसली. तिनं पाणी मागितलं आणि न पिता हातात धरून ठेवलं. मग जे झालं ते तिनं क्रमानं सांगितलं.

दुपारी तिचं नाव पुकारलं. आत गेली तर मंडळात कारापूरकर सर. तिला नियम ठाऊक होता. ते आता उठतील म्हणून ती दाराशीच क्षणभर थांबली. ते उठले नाहीत. तिला उलट बरं वाटलं. ओळखीचा चेहरा समोर आहे. अध्यक्ष बाईंनी स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. तिनं ट्रक सांगितला, हौदा सांगितला, पहाटेची घरघर सांगितली. सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की बाई आणि दुसरे परीक्षक एकमेकांकडे बघताहेत.

बाई म्हणाल्या, "गंमत आहे. सकाळी एका उमेदवाराच्या आजोबांनीही अगदी असाच हौदा उचलला होता. भाजीसुद्धा तांबडीच. ही गोष्ट तू कुठं ऐकलीस?"

दीक्षानं कारापूरकरकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला आणि शांतपणे म्हणाला, "मिस गावस, तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी सांगाल का?"

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काही नाही. मला आमचा ट्रकच आठवेना, काका. नंतर सुचलं. म्हणायला हवं होतं, होतं सर, सकाळीच कोणीतरी घेऊन गेलं."

"नंतर म्हणजे कधी?"

"बसमध्ये. म्हापशाच्या अलीकडे."

चांगली उत्तरं परतीच्या बसमध्येच सुचतात. मुलाखतींवर एवढं बोलणाऱ्यांपैकी कोणी हे सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर गेलो. कारापूरकर एकटाच होता, टायशिवाय. टायशिवाय त्याची मान एकदम म्हातारी दिसली.

"तिची गोष्ट नीलला दिलीस?"

"दिली नाही. त्याच्या मापाची करून दिली."

मला वाटलं होतं तो नाकारील. त्यानं नाकारलं असतं तर बरं झालं असतं.

"बस जरा," तो म्हणाला. "तिचे मार्क बघितलेस? यादीत कुठच्या कुठं वर. मुलाखतीला वजन ते किती? ती तिथं पाव तास मुकी बसली असती तरी आत गेली असती. तिला गोष्टीची गरज नव्हती. नीलकडे दुसरं होतं काय?"

"म्हणजे माहितीपत्रक तूही वाचतोस."

त्यानं माझ्याकडे रागानं बघितलं. "इतकी वर्षं सांगतोय, नुसत्या इंटरव्ह्यूवर माणूस आत जातो. एकदा तरी करून दाखवायचं होतं. तूच हसायचास ना?"

"गोष्ट तिच्या बापाची होती, अच्युत."

"खनिज डोंगरात असतं तोवर दगड असतो. जेटीवर पोचवील त्याचा माल."

हे वाक्य त्याला खाणीवर कोणीतरी शिकवलं असावं. ते त्यानं अगदी पाठ केल्यासारखं म्हटलं.

"तिच्या वेळेला उठला का नाहीस?"

"सकाळी नीलच्या वेळेला उठलो नव्हतो. उठलो असतो तर गोष्ट कुणी शिकवली ते दिसलं असतं. मग दुपारी तिच्या वेळेला उठून काय सांगू? गोष्ट एक, क्लास एक? दोघंही गेली असती."

"आणि तू?"

"मी तर सगळ्यात आधी," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

त्याचा हिशेब एका ठिकाणी चुकला होता. बाईंनी दीक्षाच्या नावापुढं शेरा मारला होता की उमेदवार उसनं बोलते, घेऊ नये. त्या शेऱ्यापुढं परीक्षेतले गुण चालत नाहीत. मुलाखत माणसाला वर काढते की नाही, यावर आम्ही दोघं इतके रविवार भांडलो. ती बुडवू शकते हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. श्रद्धावानाच्याही नाही आणि चिडवणाऱ्याच्याही नाही.

दीक्षाची मागणी छोटी होती. "सरांनी बाईंकडे जावं आणि एवढंच सांगावं की गोष्ट माझी आहे. नीलचं नाव नका घेऊ म्हणावं. पण माझी आहे एवढं सांगा." मग म्हणाली, "आणि काका, बाबांना ह्यातलं कळता कामा नये. पणजीत त्यांची भाजी चोरीची ठरली हे कळलं तर ते उद्यापासून हौद्यात पाणी घालणार नाहीत."

कारापूरकर तयार झाला. सहज तयार झाला, तिथंच मला शंका यायला हवी होती, पण शाळेतल्या बाकावरच्या माणसाबद्दल शंका घ्यायला वेळ लागतो. आम्ही त्याच्या गाडीनं गेलो. बाईंच्या केबिनला काचेचं दार होतं. मी बाहेरच्या सोफ्यावर बसलो. आतलं ऐकू येत नव्हतं, दिसत होतं. कारापूरकर पुढं वाकून बोलत होता, मध्येच हात जोडत होता. बाई मान हलवत होत्या. शेवटी त्यांचा चेहरा मऊ झाला, त्यांनी छातीवर हात ठेवला. मला वाटलं, मोठा माणूस आहे. स्वतःची मान स्वतः पुढं करणं सोपं नसतं.

तो कपाळ पुसत बाहेर आला.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

तो मला घरापर्यंत सोडायला आला. उतरताना मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, असं मला आठवतं.

काही दिवसांनी संस्थेतून दीक्षाला फोन आला की तिला प्रवेश मिळाला आहे. ती सांगायला आमच्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद कुठं दिसेना. म्हणून विचारलं.

"ऑफिसातल्या बाई फार प्रेमानं बोलल्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, कारापूरकर सरांनी तुझ्यासाठी किती शब्द टाकला! त्यांनी सांगितलं, मुलगी गरीब घरची, बावरली, कुणाकडून तरी ऐकलेलं बोलून गेली. एवढ्यावरून तिचं नुकसान करू नका. मॅडमनी मोठ्या मनानं शेरा काढून टाकला."

मी तिच्यापुढं खुर्ची सरकवली, ती बसली नाही.

"मला माफ केलंय, काका."

"सीट घेणार?"

दोन दिवसांनी फोन करून म्हणाली, "घेतली. दोन वर्षं तिथं मी चोर म्हणून बसणार. पण बसणार." स्वाभिमानसुद्धा रोजच्या बसनं जाऊन येता येईल एवढ्याच अंतरावर असावा लागतो, त्यापलीकडचा आमच्याकडच्या लोकांना परवडत नाही.

मी माडीवर जाणं सोडलं. कारापूरकरचा निरोप आला, "मास्तरला सांगा, काम झालं ना शेवटी?" त्याला खरोखर वाटत होतं की काम झालं. नील आत, दीक्षा आत, तो मंडळावर. त्याच्या बाजूनं पाहिलं तर कुणाचंच काही गेलं नव्हतं.

त्याला मी शेवटचा पाहिला तो संस्थेच्या स्वागत समारंभात. पालकांना बोलावलं होतं. बाबल गावसांना पणजीच्या असल्या इमारतीत एकट्यानं शिरायचा संकोच, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेलो. व्यासपीठावर समई, फुलांच्या कुंड्या आणि पाहुण्यांच्या रांगेत कारापूरकर. त्याला शाल मिळाली. प्रामाणिकपणा हीच खरी गुणवत्ता, या विषयावर तो छान बोलला. पुढच्या ओळीत बसलेल्या नीलनं मनापासून टाळ्या वाजवल्या. दीक्षा मागच्या बाजूला होती. ती वाजवते की नाही ते मला दिसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर व्हरांड्यात चहा होता. मी कप घेऊन वळलो तर बाबल गावस गर्दीतून वाट काढत थेट कारापूरकरसमोर जाऊन उभे राहिलेले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातातली पिशवी त्यांनी आधी जमिनीवर ठेवली.

"सर," ते म्हणाले, "दीक्षान काय सांगूक नाय, पण हापिसातल्या बाईन सांगल्यान. तुमी शब्द टाकलात म्हणान माज्या चेडवाक सीट गावली. तुमचे उपकार मी खंय फेडू?"

"अहो, असं काय," कारापूरकर म्हणाला. "हुशार आहे मुलगी. जरासा हात दिला, इतकंच."

दीक्षा कुठून तरी धावत आली. "बाबा, चला. बस चुकात."

"चुकांदे," बाबल म्हणाले, आणि वाकले.

कारापूरकरनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी हा मागं सरेल. तो सरला नाही. त्यानं खांद्यावरची शाल सावरली आणि दोन्ही पाय नीट जुळवून उभा राहिला.